दगडावरचा पाऊस

नगरच्या दाळमंडईत एका किराणा दुकानासमोर उभं राहून मी पन्नास ग्रॅम दगडफूल मागितलं. दुकानदारानं ते कागदावर ओतलं आणि पुढच्या डब्याकडे हात नेत विचारलं, "धने-खोबरं किती देऊ?"

"एवढंच."

"नुसतं दगडफूल?"

"मसाला नाही करायचा," सर म्हणाले. "बघायचंय."

दुकानदारानं आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, पुडीला दोरा गुंडाळला आणि पुढची चौकशी केली नाही.

सर म्हणजे माझे जुने शिक्षक. तीसेक वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवून आता निवृत्त झालेत. समोरच्या टपरीवर चहा येईपर्यंत त्यांनी पुडी सोडली आणि खिशातून सोनार वापरतात तसलं दहापट मोठं दाखवणारं भिंग काढून माझ्या हातात दिलं. काळ्या मसाल्यातून ही वस्तू मी जन्मभर खात आलो होतो. पाहिली मात्र कधीच नव्हती. वरची बाजू राखाडी, खालची काळी कुळकुळीत. कडा लाटेसारख्या दुमडलेल्या, त्यांना पापण्यांसारखे बारीक केस. एका तुकड्याला खालून लाकडाची साल चिकटलेली होती.

"सर, यात दगड कुठंय?"

"दगडही नाही आणि फूलही नाही. बाजारातला बराचसा माल उत्तराखंड-हिमाचलकडून येतो, तोही झाडांच्या सालीवरून ओरबाडलेला. पुस्तकात याला शैवाक म्हणतात. आणि याचे भाऊबंद बघायला हिमालयात जायला नको, आपला जिल्हा पुरेसा आहे."

नगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, हा क्षेत्रफळानं महाराष्ट्रातला सगळ्यांत मोठा जिल्हा: १७,०४८ चौरस किलोमीटर. बाहेरच्यांच्या मनात त्याची एकच ओळख असते, ती म्हणजे दुष्काळी. कर्जत, जामखेड, पाथर्डीसाठी ती खोटीही नाही. पण याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, घाटघर आणि रतनवाडी आहेत. नगर शहरात वर्षाकाठी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. घाटघरला चांगल्या वर्षी पाच हजारांच्या आसपास. मधलं अंतर गाडीनं चार-साडेचार तासांचं. सरांचं म्हणणं असं, की हा चढत जाणारा पाऊस पर्जन्यमापकाशिवाय वाचता येतो. वाटेतले दगड आणि झाडांच्या साली तेवढ्या नीट बघायच्या. भाद्रपदाचे दिवस होते, पावसानं उघडीप दिली होती. आम्ही वाचायला निघालो.

*

पहिलं पान उलट दिशेला होतं. पाथर्डी रस्त्यानं शहराबाहेर पडलं, की शहा डोंगरावरची अष्टकोनी, तीनमजली इमारत लांबूनच दिसते. सगळे तिला चांदबीबीचा महाल म्हणतात. खरं तर ती सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुर्तझा निजामशहाच्या पदरी असलेल्या सलाबतखानाची कबर आहे. लोक वर चढून वारा खातात, नगरचा पसारा बघतात, फोटो काढतात. सर मात्र भिंतीशी उकिडवे बसले आणि नाक दगडाला लागेल इतके पुढे वाकले. जवळून जाणाऱ्या एका छोट्यानं आईला विचारलं, "आजोबांचं काय हरवलंय?"

दगडावर ठिपके होते. करडे, पांढरट, काळे, मधूनच हळदी-केशरी. आजवर मी त्याला जुन्या दगडाचा रंग समजत होतो. भिंगाखाली तो रंग राहिला नाही, नकाशा झाला. प्रत्येक ठिपक्याला शीव होती. दोन ठिपके भिडले तिथं मधे काळी रेघ होती, शेतांमधल्या बांधासारखी. काहींवर मोहरीच्या निम्म्या आकाराच्या वाट्या होत्या. नखानं खरवडून काही हाती लागेना. ही खपलीसारखी शैवाकं दगडाच्या कणांत इतकी रुतलेली असतात, की काढायचीच तर दगडासकट काढावी लागतात.

"हा एक जीव नाही," सर म्हणाले. "बुरशी आणि शैवल यांचा एकत्र संसार आहे. बुरशी घर बांधते, पाणी धरते, ऊन अडवते. शैवल आत बसून उन्हावर रांधतं आणि दोघं जेवतात. अर्धलीची शेती म्हण ना. एकाची जमीन, दुसऱ्याचे कष्ट."

हे पहिल्यांदा सांगितलं ते स्वित्झर्लंडच्या सिमोन श्वेंडेनर यांनी, १८६७ साली. त्यांनी बुरशीला मालक आणि शैवलाला गुलाम ठरवलं होतं. त्या काळच्या शैवाक-अभ्यासकांना ते मुळीच रुचलं नाही. ज्या जिवांचा आपण जन्मभर अभ्यास केला ते मुळात एक जीवच नाहीत, हे कोणाला आवडेल? पुढे श्वेंडेनर बरोबर ठरले. मग दीडशे वर्षं हिशेब दोघांचाच धरला गेला. २०१६ साली टोबी स्प्रिबिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक शैवाकांच्या वरच्या सालीत यीस्टच्या जातीची आणखी एक बुरशी दाखवून दिली. अर्धलीच्या शेतात तिसरा वाटेकरी निघाला.

सरांनी पिशवीतून पाण्याची फवारणी काढली. इस्त्रीवाले वापरतात तशीच, साधी. एका मळकट करड्या ठिपक्यावर दोनदा फुस्स केलं. मी मनात पाच आकडे मोजायच्या आत ठिपका हिरवा झाला. कोरडं असताना शैवाकाची वरची साल अपारदर्शक असते. भिजली की ती काचेसारखी होते आणि खालचं शैवल दिसू लागतं. एवढ्यानंच त्याचं कामकाजही सुरू होतं. नगरच्या उन्हात हे जीव वर्षाचे बरेच महिने कोरडे ठणठणीत पडून असतात, ना जिवंत ना मेलेले. सकाळचं दव पडलं, की तासाभराची मजुरी करून घेतात आणि पुन्हा झोपतात. केशरी ठिपक्यांचा तो रंग म्हणजे डोक्यावर घेतलेला पंचा. पॅरिएटिन नावाचं हे रंगद्रव्य कडक उन्हापासून आतल्या शैवलाला वाचवतं.

भिंतीवर माणसांनीही आपापली भर घातली होती. बाणानं छेदलेली बदामं, नावं, साल. नव्या ओरखड्यांत दगड उघडा, पांढुरका दिसत होता. जुन्या अक्षरांच्या कडांवरून मात्र करडी शैवाकं आत सरकू लागली होती. खपलीची शैवाकं वर्षाला मिलिमीटरभर वाढतात, कित्येकदा त्याहूनही कमी. हा वेग ठाऊक असला, की ठिपक्याच्या व्यासावरून दगड किती काळ उघडा आहे याचा अंदाज बांधता येतो. ऑस्ट्रियाच्या रोलंड बेशेल यांनी १९५०च्या सुमारास ही रीत बसवली आणि हिमनद्या कधी मागे सरकल्या याचं वय तिच्यावरून काढलं गेलं. इथं आम्ही बदामांचं वय काढत बसलो. कोणाचं प्रेम जुनं ते शैवाकाला विचारा.

पण सरांना दाखवायचं होतं ते वेगळंच. "इथं काय नाही ते बघ. पानासारखं सुटं काही आहे? लोंबणारं काही आहे?" नव्हतं. होती ती फक्त दगडाला घट्ट चिकटलेली खपली. जिथं पाणी कमी तिथं अंग पसरून चालत नाही.

*

राहुरीवरून कोल्हार गाठलं, की डावीकडे कोल्हार-घोटी रस्ता लागतो. लोणी, संगमनेर, अकोले, राजूर असा तो सरळ पावसाच्या दिशेनं जातो. आम्ही नियम केला: तासाभरानं थांबायचं, एखादं जुनं झाड गाठायचं आणि छातीच्या उंचीवर वीतभर साल भिंगाखाली घालायची. पेरू आणि निलगिरी वगळायची, कारण त्यांची साल सोलून पडत असते. भाडेकरू टिकणार कुठून? आंबा, चिंच, जांभूळ बरी.

कोल्हारजवळच्या कडुनिंबावर धुळीखाली नुसता करडा लेप होता. संगमनेर ओलांडल्यावर एका आंब्यावर पहिल्यांदा खपली सोडून काही दिसलं: रुपयाएवढं, कडा किंचित उचललेलं, पाकळ्यापाकळ्यांचं. अकोल्यापुढे तेच बशीएवढं झालं. राजूरच्या अलीकडे एका जांभळावर दाळमंडईतल्या पुडीचे सख्खे चुलत भाऊ भेटले. राखाडी पानं, खाली काळी, सालीवर सैल बसलेली. त्याच खोडाच्या गुळगुळीत भागावर पांढऱ्या पट्ट्यात काळ्या, वेड्यावाकड्या, न थांबणाऱ्या रेघा होत्या.

"मोडी!" मी म्हणालो.

"जगभर यांना लिपीच म्हणतात," सर हसले. "या रेघा म्हणजे बुरशीची बीजाणूंची कोठारं. आणि हे मोडी वाचणारी माणसं पुण्यात होती बरं का."

पुण्यात १९४६ साली महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था सुरू झाली. आज ती आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. तिथं पी. जी. पटवर्धन, उर्मिला मखिजा यांच्यासारख्या अभ्यासकांनी सह्याद्री पिंजून शैवाकं गोळा केली आणि ही रेघारेघांची लिपी जातवार लावली. ज्यांचं नाव संस्थेला आहे ते शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनाही लहान जिवांचा नाद होता. सह्याद्रीतल्या नदीच्या गोड्या पाण्यात जेलीफिश असतो हे त्यांनी दाखवून दिलं, तेही गोड्या पाण्यातला तसला प्राणी आफ्रिकेतच असतो अशी समजूत होती त्या काळात.

गाडीत बसता बसता सरांनी माझ्या उत्साहाला थोडी वेसण घातली. सालीवर लिहिणारा पाऊस एकटाच नसतो. १८६६ साली विल्यम नायलँडर यांनी पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत शैवाकं मोजली, तेव्हा शहरात इतरत्र ती नाहीशी होत चालल्याचं त्यांच्या ध्यानात आलं. शैवाकाला मुळं नसतात. जे काही घ्यायचं ते हवेतून आणि पावसातून, गाळणी न लावता. गंधकाचा धूर त्याला लगेच बाधतो. म्हणजे कोल्हारच्या कडुनिंबावर पानं का नव्हती? पाऊस कमी म्हणून, का रस्त्याचा धूर-धुरळा जास्त म्हणून? एकाच पाटीवर दोघांनी लिहिलेलं असतं. दोन्ही हस्ताक्षरं ओळखता आली तर वाचन खरं.

*

शेंडीला भंडारदऱ्याचं धरण लागतं. १९२६ साली पुरं झालेलं हे प्रवरेवरचं विल्सन धरण. त्याच्या जलाशयाला वळसा घालत रस्ता रतनवाडीला पोचतो. हा सगळा टापू कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा. मेअखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला इथं काजवे बघायला गाड्यांची रीघ लागते, भाद्रपदात सोनकीच्या पिवळ्या उतारांसाठी. आम्ही पोचलो तेव्हाही रस्त्याच्या कडेला माणसं पिवळ्या रंगात उभी राहून फोटो काढत होती.

रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ हजारेक वर्षांचं. झंझ राजानं नद्यांच्या उगमापाशी जी बारा शिवालयं बांधली त्यांतलं हे एक, अशी परंपरा सांगते. खांबांवरचं कोरीवकाम पाहून माणूस थबकतोच. पण बाहेरच्या भिंतीवर माणसाच्या नक्षीवर दुसरी नक्षी चढलेली होती. चांदबीबीच्या महालावर ठिपके सुटे सुटे होते. इथं रिकामा दगड शोधावा लागत होता. सावलीच्या बाजूला हिरवं मखमली शेवाळ, त्यात पिनेएवढ्या दांड्यांवर उभ्या बीजाणूंच्या कुप्या. ओघळांच्या वाटेवर नारिंगी मखमल. हे ट्रेंटेपोलिया, खरं तर हिरवं शैवल. पण आतल्या केशरी रंगद्रव्यामुळे हिरवेपणा झाकलेला. हेच शैवल पुष्कळ लिपी-शैवाकांत वाटेकरी असतं, म्हणून त्यांना नखानं खरवडलं तर आतून पिवळसर निघतं. जवळच्या पुष्करणीच्या पायऱ्यांवर जिलेबीच्या पिठाच्या थेंबांसारखे हिरवट-काळे लिबलिबीत गोळे होते. ते नॉस्टॉक. हवेतला नायट्रोजन बांधून जमिनीला देणारं नील-हरित शैवल.

देवळाबाहेर भाजलेली कणसं विकणाऱ्या आजी आमच्याकडे मघापासून बघत होत्या.

"काय सांडलं रं बाबा?"

"काही नाही आजी, दगडावरचं हे बघतोय."

"ते व्हय. ते पावसाचं हाये," त्या कणसाला मीठ-लिंबू चोळत म्हणाल्या. "जेठात वाळून जातंय, आखाडात परत येतंय."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. नगरपासून दीडशे किलोमीटर जे सांगत आले होते, ते आजींनी एका कणसात सांगून टाकलं होतं.

मी विचारलं, हे सगळं घासून काढलं तर कोरीवकाम स्वच्छ दिसणार नाही का? प्रश्न वाटतो तितका सोपा नाही, सर म्हणाले. शैवाकं ऑक्झॅलिक आम्ल सोडतात आणि दगडाचे कण हळूहळू सुटे करतात. सह्याद्रीच्या बेसाल्टची माती होण्याच्या कामात त्यांचाही हात आहे. म्हणजे मूर्तीला त्रास आहेच. पण तारेच्या ब्रशानं ओरबाडलं, तर रुतलेल्या बुरशीबरोबर मूर्तीच्या नाकाचा पोपडाही येतो. शिवाय उघडा पडलेला दगड पुढच्या पावसाला आयताच सापडतो. कुठं काढायचं, कुठं ठेवायचं हे दगडादगडाला बघून ठरवावं लागतं.

*

दुपारी रतनगडाच्या वाटेवरच्या रानात शिरलो. वाट दाखवायला गावातले एक मामा होते. त्यांची अटकळ होती की आम्हाला गडावर जायचंय. पहिल्या अर्ध्या तासात आम्ही दोनशे पावलंही गेलो नाही, तेव्हा ते एका दगडावर टेकले आणि चंची सोडली.

कुजलेल्या लाकडाशी आमचं काम होतं. एका ओंडक्याच्या बुडाशी गुलाबी मणी होते, वाटाण्याहून लहान, एकमेकांना खेटून बसलेले. काडीनं टोचलं तर आतून गुलाबी मलई आली. हे लायकोगाला. पलीकडे बोटाच्या पेराएवढ्या तपकिरी काड्यांची जुडी, उदबत्त्या रोवून ठेवाव्या तशी. फुंकर मारली तर तपकिरी धूर उडाला. हे स्टेमोनायटिस. ओल्या सालीवर मीठ भुरभुरल्यासारखं पांढरं काही होतं, भिंगातून ते बर्फाच्या सुयांसारखं दिसलं. हे सेरॅटिओमिक्सा. तिन्हींचं कूळ एकच: श्लेष्मकवक. नावात कवक आहे, पण ते बुरशी नव्हेत. वनस्पती नव्हेत, प्राणीही नव्हेत. अमीबा त्यांचा जवळचा नातलग.

"मामा, याला तुमच्याकडं काय म्हणतात?"

"नाव न्हाई ठेवलं आमी," मामा म्हणाले. "खायाचं न्हाई, इकायचं न्हाई, नाव कशाला?"

मग तेच उठले आणि म्हणाले, "पिवळं बगायचं का? तिकडं सांडलंय." वीसेक पावलांवर एक पडका आंबा होता. त्याच्यावर कोणीतरी पातेलंभर पिठलं सांडल्यासारखं दिसत होतं. गडद पिवळं, ओलं, तळहाताएवढं. मागच्या बाजूला शिरांचं जाळं, पुढे पंख्यासारखा पसरलेला जाडसर काठ. सरांचा आवाज एकदम खाली आला, देवळात येतो तसा. "फुलिगो. हा सबंध एक जीव आहे. एकच पेशी. तिच्यात केंद्रकं मात्र हजारोंनी, मधे भिंत नाही. आणि तो चालतोय."

मला चालताना दिसला नाही. तरी आत गडबड चालू असते, सर सांगू लागले. त्या शिरांमधून द्रव एका दिशेनं वाहतो, मिनिटा-दोन मिनिटांत थबकतो आणि उलटा फिरतो. पुढची खेप मागच्यापेक्षा थोडी जास्त, एवढ्या फरकावर तो पुढे सरकतो. वाटेत येणारे जिवाणू, बुरशीचे कण गिळत जातो. ना तोंड, ना डोळे, ना मेंदू. तरीही त्याच्याच भाऊबंदाला, फायझॅरम पॉलिसेफॅलमला, जपानच्या तोशियुकी नाकागाकींनी २००० साली चक्रव्यूहात सोडलं आणि दोन टोकांना खाऊ ठेवला, तेव्हा त्यानं बाकीच्या वाटा सोडून जवळची वाट धरली. २०१० साली टोकियोभोवतीच्या शहरांच्या जागी ओटचे दाणे मांडले, तेव्हा या जिवानं दिवसभराच्या हिंडण्यात तिथल्या रेल्वेच्या जाळ्याशी मिळतंजुळतं जाळं विणून दाखवलं. इंजिनिअरांनी कित्येक वर्षांत केलेलं काम.

"आन् आमच्या गावाला यष्टी येळेवर येत न्हाई," मामा म्हणाले.

अमेरिकेत १९७३ साली डॅलसजवळच्या एका वस्तीत हाच पिवळा पाहुणा अंगणात उगवला आणि परग्रहावरून काही आलं म्हणून बोभाटा झाला होता. मामांना ते सांगितलं, तर त्यांनी तंबाखू दाढेखाली सरकवत विचारलं, "त्यांच्याकडं लाकूड कुजत न्हाई का?"

अंधारून यायला लागलं. निघताना सरांनी कारवीची एक वाळकी काडी घेतली आणि पिवळ्या काठापुढे चार बोटं अंतर सोडून ओंडक्यात उभी रोवली. "सकाळी बघू, कुठवर आला ते."

*

रात्री मुक्काम गावातल्याच एका घरी. पिठलं-भाकरी होती, पिठलं ताटात पडल्यावर आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि काही बोललो नाही. जेवणानंतर सरांनी कागदाची घडी काढली. फोल्डस्कोप. स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश आणि त्यांच्या चमूनं २०१४ साली पुढे आणलेलं कागदाचं सूक्ष्मदर्शक. एका मण्याएवढं भिंग, एकशेचाळीस पटींपर्यंत मोठं दाखवणारं. घराच्या दारातल्या जोत्याचं चिमूटभर शेवाळ वाटीत पिळलं, एक थेंब काचेवर घेतला आणि मोबाइलच्या उजेडापुढे धरला.

घरातली तिन्ही पोरं अंगाला अंग लावून बसली. "आंदी मी, आंदी मी." आधी नुसता कचरा दिसला. मग एक सुतळीसारखा कृमी वळवळत गेला. मग तोंडाशी दोन चाकं फिरत असल्यासारखा चक्रधर. तिसऱ्या थेंबात मधली पोरगी ओरडली, "ह्याला नखं हायेत!"

आठ पाय, प्रत्येकाला नखं, फुगीर अंग, गाळातून रेटत चाललेलं. गोट्झे नावाच्या जर्मन धर्मोपदेशकानं १७७३ साली याला पाहिलं आणि छोटं पाणअस्वल म्हटलं. शास्त्रातलं नाव टार्डिग्रेड. लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. शेवाळ वाळलं, की पाणअस्वल पाय आत ओढून सुंठीसारखं सुकतं आणि वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं. थेंब पडला, की उठून चालू लागतं. २००७ साली त्यांना अवकाशात उघड्यावर ठेवून परत आणलं, तेव्हा पोकळीतूनही ती जिवंत परतली. त्याआधी, २००५ साली, शैवाकंही अशीच पंधराएक दिवस अवकाशात राहून आली होती. त्यांत चांदबीबीच्या महालावरच्या केशरी ठिपक्यांचा एक नातलग होता. नगरचं ऊन सोसणाऱ्या घराण्याला अवकाशाचं काय कौतुक, मला वाटलं.

"हे आपल्या घरात ऱ्हातं?" पोरीनं विचारलं.

"जोत्यावर. तुमच्याही आधीपासून."

तिनं भिंग आजीच्या डोळ्याला लावलं. आजी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "उद्या जोतं सारवू का नको?"

*

सकाळी धुकं इतकं दाट होतं, की मामांचा खोकला आधी आला आणि मामा नंतर. आम्ही थेट पडक्या आंब्याशी गेलो. ओंडक्यावर पिवळं काही नव्हतं. राहिल्या होत्या त्या सुकलेल्या, फिकट शिरांच्या खुणा, गोगलगाय जाते तशा. त्या खुणा चार बोटं पुढे गेल्या होत्या आणि तिथं संपल्या होत्या. आमची काडी मात्र खालून वीतभर जाड झालेली दिसली.

तो तिच्यावर चढला होता. खाणं पुरेसं झालं, की हा जीव ओल सोडून उंच, कोरडी जागा शोधतो आणि स्वतःचं सबंध अंग बीजाणूंत बदलून टाकतो. आम्ही त्याचं अंतर मोजायला खूण रोवली. त्यानं तिचा उंचवटा म्हणून उपयोग केला. वरची साल खारीच्या पापुद्र्यासारखी ठिसूळ झाली होती. सरांनी काडीला हलकेच टिचकी मारली, तर काळपट-तपकिरी पूड धुक्यात मिसळून गेली.

"तुमची काडी त्याला कामाला आली," मामा म्हणाले.

वाटेवर वर एक मोडलेली फांदी आडवी पडली होती. तिच्यावर हिरवट-करड्या धाग्यांचा पुंजका लोंबत होता, म्हाताऱ्याच्या विरळ दाढीसारखा. उस्निया. सरांनी एक धागा दोन्ही टोकांना धरून हलकेच ताणला. बाहेरची साल तुटली आणि आत पांढरी, रबरासारखी ताणणारी दोरी दिसली. हीच त्याची ओळख. असं लोंबून राहणं परवडायला हवेतच पाणी लागतं, आणि ते या क्षणी आमच्या भुवयांवरून ओघळत होतं. चांदबीबीच्या महालावर चिकटलेली खपली, संगमनेरपुढे उचललेली कड, राजूरला सुटलेलं पान, इथं हवेत सोडलेली दाढी. पाचशेपासून पाच हजारांपर्यंतचा पाऊस आम्ही एकदाचा वाचून संपवला होता. फांदी होती तिथं ठेवली. अभयारण्यातून काही उचलायचं नसतं, आणि उचलून ती नगरला जगलीही नसती.

परतताना तीच पानं उलटी आली. राजूरनंतर दाढी नाही, संगमनेरनंतर पान नाही, कोल्हारला धूळ.

घरी पोचलो तर स्वयंपाकघरात काळ्या मसाल्याची तयारी होती. पुडीतलं दगडफूल कढईत पडलं. मिनिटभरात त्याच्या कडा आकसल्या आणि तो धुरकट, ओल्या रानासारखा वास घरभर झाला. पन्नास ग्रॅम. कुठल्याशा डोंगरातल्या झाडावर किती पावसाळे लागले असतील याचा हिशेब मी मनात करत होतो, तेवढ्यात हिनं विचारलं, "करपलं का?"

"नाही," मी म्हणालो. "पण पुढच्या वेळी अर्धंच घाल."